एनएफटी विकून चित्रकार खरंच श्रीमंत होतो का? वडगावातनं एक लांबलचक उत्तर

ताई, सगळ्यात आधी तो इन्स्टाग्रामवरचा मेसेज. (एनएफटी म्हणजे डिजिटल चित्राच्या मालकीची ब्लॉकचेनवर, म्हणजे इंटरनेटवरच्या सगळ्यांना दिसणाऱ्या वहीत, केलेली नोंद. विकतात ती ही नोंद.) तुम्ही लिहिलंय की कुणी परदेशी माणूस तुमच्या भावाच्या चित्राला 2 इथर (इथेरियम नावाच्या ब्लॉकचेनवरचं क्रिप्टो चलन) द्यायला तयार आहे, फक्त चित्र त्यानं सांगितलेल्या साईटवर मिंट करायचं, म्हणजे त्याची एनएफटी नोंद करायची, आणि गॅस फी, म्हणजे त्या नोंदीचा खर्च, आपण आधी भरायची. भरू देऊ नका. एक रुपया पण नाही. ही चोरी आहे आणि अगदी ठरलेल्या साच्यातली आहे. मी स्वतः 2021 च्या ऑगस्टमध्ये असल्याच एका साईटवर 18 हजार घालवलेत म्हणून एवढ्या खात्रीनं सांगतोय.

होतं असं की ती साईट दिसायला भारी असते, तुम्ही फी पाठवता, चित्र तिथं चढतं, दोन तासात 'सोल्ड' म्हणून येतं आणि खात्यात 2 इथर दिसायला लागतात, पोरगं घरभर नाचतं. मग काढायला गेलं की विथड्रॉवल फी, ती भरली की खातं अपग्रेड करा, ते केलं की टॅक्स. तो खात्यातला आकडा म्हणजे कुणीतरी बसून टाईप केलेला आकडा हो, त्याच्या मागं काही नाही. खऱ्या विक्रीत पैसे शेवटी तुमच्या स्वतःच्या वॉलेटमध्ये, म्हणजे क्रिप्टो ठेवायच्या ॲपमध्ये, येतात, आणि वॉलेटचा पत्ता इथरस्कॅन ह्या सगळे व्यवहार दाखवणाऱ्या साईटवर टाकला की आले की नाही ते तुम्हाला, मला, कुणालाही दिसतं. भावाला एवढंच तपासायला सांगा. आणि वॉलेट उघडताना चावी म्हणून जे 12 गुप्त शब्द मिळतात ते वहीत लिहून कपाटात, कुणी मागितले तर दुसऱ्या बाजूला चोर आहे हे नक्की, मग तो कितीही गोड बोलू दे.

आता मोठा प्रश्न. भाऊ बेळगावात फाईन आर्टच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेज सोडतो म्हणतोय, दीड लाखाचा कंप्युटर आणि 40 हजाराचा एनएफटीचा कोर्स पाहिजे म्हणतोय, तुमच्या बाबांनी तंबाखूचे आलेले पैसे काढून द्यावेत का असं विचारलंय. आणि त्याचं म्हणणं की बीपल नावाच्या चित्रकाराला एका फाईलचे 500 कोटी मिळाले, मग मला 5 लाख का मिळू नयेत.

त्याचं म्हणणं अगदीच खुळचट नाही. मला मिळालेत थोडे. म्हणून जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

मी बेळगावातल्या वडगावचा. घरात माग. आमच्या आज्जानं हातमागावर शाहापुरी लुगडी विणली, वडलांनी पॉवरलूम घातले, आणि मी तो धंदा पुढं नेला नाही म्हणून घरात दहा वर्षं अबोला नव्हता एवढंच. खरं (आमच्याकडं 'पण' ला 'खरं' म्हणतात, तुम्हा निपाणीकरांना सांगायला नको) डिजिटल चित्राचा पहिला धडा मला घरातच मिळाला. काठावरची नक्षी आधी ग्राफ पेपरवर काढतात, एक चौकट म्हणजे एक धागा, भरली की धागा वर, रिकामी की खाली, मग त्यावरनं जेकार्डची पुठ्ठ्याची कार्डं पंच होतात. नंतर इंजिनिअरिंगवाल्या दोस्तानं मला पिक्सेल म्हणजे काय ते समजावून सांगायला घेतलं तेव्हा मी हसलो, म्हटलं मर्दा, हे तर आमच्या माळ्यावर गठ्ठ्यानं पडलंय.

पोटासाठी मी वीसेक वर्षं काय केलं तर फ्लेक्स. वाढदिवसाचे, निवडणुकीचे, श्रद्धांजलीचे. गणपतीत मंडळांच्या देखाव्याचं डिझाईन, शिवजयंतीच्या चित्ररथांचे मागचे पडदे. 2014 नंतर ब्लेंडर नावाचं थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर शिकलो, थ्रीडी करायला लागलो, रात्री कामं संपली की स्वतःसाठी काहीतरी करायचो आणि इन्स्टाग्रामवर टाकायचो. 2021 साली माझे फॉलोअर 11 हजार होते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

बीपल म्हणजे अमेरिकेतला माईक विंकलमन. 11 मार्च 2021 ला क्रिस्टीज ह्या लिलाव कंपनीच्या ऑनलाईन लिलावात त्याचं 'एव्हरीडेज: द फर्स्ट 5000 डेज' 6 कोटी 93 लाख डॉलरला गेलं, रुपयात 500 कोटी. बोली सुरू झाली होती 100 डॉलरला. जिवंत चित्रकारांत लिलावात त्याच्यापेक्षा महाग विकले गेलेले तेव्हा दोघंच, जेफ कून्स आणि डेव्हिड हॉकनी. पेपरात एवढंच आलं, आणि आमच्या गल्लीतल्या पोरांनी एवढंच वाचलं.

आता पेपरात कोपऱ्यात काय होतं बघा. त्या फाईलमध्ये 5000 चित्रं आहेत. 1 मे 2007 ला त्यानं रोज एक चित्र करायचं म्हणून सुरुवात केली आणि साडेतेरा वर्षं एक दिवस न चुकवता केलं. शिकला कंप्युटर सायन्स, चित्रकलेचं कॉलेज नाही (भाऊ हे वाक्य लगेच उचलेल, उचलू दे, पुढचं पण वाचायला लावा). पोटासाठी आधी वेबसाईट केल्या, मग गाण्यांच्या मोठ्या कार्यक्रमांच्या मागं जे व्हिडिओ चालतात ते केले, आणि स्वतः केलेल्या क्लिपा फुकट वाटल्या, कुणीही वापरा. लिलावाच्या वेळी इन्स्टाग्रामवर त्याच्यामागं 18 लाखांच्या आसपास लोक होते. आणि तरीसुद्धा ऑक्टोबर 2020 पर्यंत त्यानं महागात महाग विकलेली प्रिंट होती 100 डॉलरची! म्हणजे साडेतेरा वर्षं काम, 18 लाख लोक, आणि भाव 100 डॉलर. मग पाच महिन्यात 6 कोटी 93 लाख. चित्र तेच. हात तोच. बदललं काय? घेणारा बदलला.

आणि घेणारा कोण हे भावाला विचारा, त्याला माहिती नसणार, कुणालाच नसतं. तामिळनाडूतला माणूस, विघ्नेश सुंदरेसन, सिंगापूरला राहणारा, क्रिप्टोत फार आधी शिरलेला, मेटाकोवन नावानं वावरायचा. पैसे त्यानं इथरमध्येच दिले. त्याच्याच फंडानं डिसेंबर 2020 मध्ये बीपलची 20 चित्रं आधी घेऊन ठेवली होती आणि त्यांचे हिस्से पाडून बी.20 नावाचं टोकन लोकांना विकायला काढलं होतं. म्हणजे आपल्याकडं कुणी आधी गावाबाहेरची जमीन घेऊन प्लॉट पाडावेत आणि मग शेजारचा एक तुकडा अशा भावानं घ्यावा की सगळ्या प्लॉटचा भाव चढावा. त्याच्या मनात काय होतं ते मला माहिती नाही, कलेचं प्रेम पण असेल, असू दे. खरं ज्या माणसाचं इथर दोन-तीन वर्षात कित्येक पट झालंय त्याच्या हातातनं सुटणारा पैसा आणि तुमच्या बाबांच्या हातातनं सुटणारा पैसा ह्यांचं वजन एक नसतं. 2021 ला सगळ्या जगात असल्या लोकांच्या हातात फुगलेलं इथर होतं, त्यांना ते कुठंतरी खर्चायचं होतं, आणि चित्रं समोर होती. श्रीमंती तिथनं आली.

बीपलला हे कळत होतं. मिळालेलं इथर त्यानं लगेच डॉलर करून घेतलं, आणि त्याच महिन्यात उघड सांगितलं पण की हा फुगा आहे. हे त्याच्याकडनं शिकायला पाहिजे होतं मी. नाही शिकलो.

माझं झालं असं. एप्रिल 2021 ला एका परदेशी आर्टिस्ट पोरीनं मला एका साईटचं इन्व्हाईट दिलं, तेव्हा चांगल्या साईटवर इन्व्हाईटशिवाय घेत नव्हते. मी काय विकायचं म्हणून बसलो. आधी सगळ्यांसारखं केलं, रोबो, अंतराळवीर, निऑन दिव्यांचं शहर. चार मिंट केली, एकावर पण बोली नाही. एक मिंट करायला तेव्हा मला सहा-साडेसहा हजार रुपये गॅस जायचा, इथेरियमवर गर्दी असायची, रात्री अडीच-तीनला उठून गॅस कमी झाला का बघायचो, बायको म्हणायची आपल्याकडं गॅस संपला की सिलेंडर सांगतात, तुमचा कसला गॅस ह्यो.

मग एक दिवस माळ्यावरची ती जेकार्डची कार्डं खाली काढली. धूळ, उंदरांनी कुरतडलेली. स्कॅन केली, आणि ब्लेंडरमध्ये त्यांचं एक घर बांधलं, भिंती कार्डांच्या, भोकांतनं उजेड येतोय, आणि आत माग चालतोय पण विणणारा कुणी नाही. बारा सेकंदाचा लूप. आवाज वडलांच्या मागाचाच, फोनवर रेकॉर्ड केलेला. ते 0.3 इथरला ठेवलं आणि विसरलो.

त्या साईटवर पहिली बोली आली की 24 तासाचं घड्याळ सुरू व्हायचं, आणि शेवटच्या 15 मिनिटात कुणी वाढवलं की परत 15 मिनिटं. पहिली बोली आली गुरुवारी रात्री. शुक्रवारी घड्याळ संपायच्या वेळेला आमच्या गल्लीतली लाईट गेली. फोनवर दोन टक्के. मी, बायको, आई, वडील, अंधारात त्या फोनकडं बघत बसलोय आणि दोन माणसं, एक पोर्तुगालचा आणि एक कुठला कोण जाणे, एकमेकांवर चढवत चाललेत. 0.3 चं 0.85 झालं आणि फोन मेला. सकाळी बघितलं तर 1.1.

आई म्हणाली, विकलंस म्हणतोस, मग नेलं का नाही त्यानं? हितंच हाय की तुझ्या कंप्युटरवर. मी सांगायला गेलो की आई, चित्र सगळ्यांना दिसतं, कॉपी पण होतं, त्यानं घेतलाय तो फक्त उतारा. तिला एका दमात कळलं. शेत कुणी पण बघू दे, वाटेनं जाणारा फोटो काढू दे, सातबाऱ्यावर नाव कुणाचं ते महत्त्वाचं. बहुतेक सगळ्या लेखांपेक्षा हे बरं आहे. फक्त दोन गोष्टी तिच्या उताऱ्यात बसत नाहीत आणि त्या भावाला माहिती पाहिजेत. एक, उतारा विकला म्हणून कॉपीराईट जात नाही, तो लेखी करून दिल्याशिवाय चित्रकाराकडंच राहतो. दोन, चित्र स्वतः ब्लॉकचेनवर सहसा नसतंच, तिथं असतो पत्ता, चित्र दुसरीकडं ठेवलेलं, आयपीएफएसवर (फाईली अनेक कंप्युटरवर वाटून ठेवायची सोय) किंवा साध्या सर्व्हरवर. ठेवणाऱ्यानं दुकान बंद केलं आणि दुसऱ्या कुणी ती फाईल धरून ठेवली नाही की उताऱ्यावर गट नंबर आहे, शेत गायब. माझी तीन चित्रं अशी एका छोट्या साईटबरोबर गेली. घेणाऱ्याला मी परत फाईली पाठवल्या, बिचारा काही बोलला नाही.

पहिल्या विक्रीनंतर काय जादू झाली असं समजू नका. तो पोर्तुगालचा माणूस आला कुठनं? दोन वर्षापासनं माझ्या 11 हजार फॉलोअरांत होता. सतरा चित्रं विकली गेली मे 2022 पर्यंत, त्यातली अकरा अशांनी घेतली जे एनएफटीच्या आधीपासनं मला ओळखत होते. उरलेली त्यांच्या ओळखीवर. मी 31 मिंट केली होती, म्हणजे 14 तशीच पडून राहिली, त्यांचा गॅस गेला तो गेलाच.

हिशोब सरळ मांडतो, कारण लोक फक्त विक्रीचा आकडा सांगतात. एकूण विक्री 6.8 इथर. साईटचं कमिशन 15 टक्के, म्हणजे 1.02. हातात 5.78. गॅसचे वेगळे गेले दोन लाखाच्या आसपास, ते मी फ्लेक्सच्या कमाईतनं भरत होतो. नोव्हेंबर 2021 ला इथर 4,500 डॉलरच्या वर होतं, तेव्हा 3 इथर विकले, दहा लाख आले, वरचा मजला बांधला. ते घर आहे, त्याच्याच खिडकीशी बसून हे लिहितोय. उरलेले 2.78 ठेवले. का? कारण ट्विटरवरच्या गप्पांच्या खोल्यांमध्ये रात्र रात्र सगळे सांगत होते 10 हजार डॉलर होणार, आणि मी मागवाल्याचा पोरगा, पहिल्यांदा आपण हुशार आहोत असं वाटायला लागलेलं. जून 2022 ला इथर हजार डॉलरच्या खाली जाऊन आलं. बायकोनं एक दिवस शांतपणे विचारलं, अजून किती दिवस बघत बसणार? विकले. अडीच लाख आले. आधीच्या नोव्हेंबरात त्याचेच सव्वानऊ लाख झाले असते.

आणि ह्याच्यावर टॅक्सची गंमत. माझ्या सीएनं चित्र ज्या दिवशी विकलं त्या दिवशीच्या इथरच्या भावानं धंद्याचं उत्पन्न धरलं, बरोबरच आहे, म्हणजे जे पैसे मी कधी रुपयात बघितलेच नाहीत त्यांच्यावर पण टॅक्स भरला. नंतर इथर पडलं तो तोटा कुठं वजा करायचा? कुठंच नाही. 1 एप्रिल 2022 पासनं नियमच तसा आहे, क्रिप्टो आणि एनएफटीच्या फायद्यावर सरळ 30 टक्के, वर 4 टक्के सेस, खरेदीची किंमत सोडून दुसरा खर्च वजा नाही, तोटा दुसऱ्या फायद्यातनं वजा नाही, पुढच्या वर्षाला ओढता येत नाही. 1 जुलै 2022 पासनं वर 1 टक्का टीडीएस. स्वतः काढलेलं चित्र पहिल्यांदा विकलं तर ते ह्याच्यात धरायचं की धंद्यात ह्यावर दोन सीए बसवलेत तर तीन मतं निघतात, तेव्हा आधी एकाला धरून विचारा आणि लेखी घ्या. मी भावाला एवढंच सांगेन, इथर आलं की त्याच आठवड्यात टॅक्सचे रुपये बाजूला काढायचे, चेहरा वाकडा न करता.

त्यानंतर बाजार कुठं गेला ते सगळ्यांना दिसलंय. ट्विटर काढणाऱ्या जॅक डॉर्सीचं पहिलं ट्विट एनएफटी म्हणून मार्च 2021 ला 29 लाख डॉलरला गेलं होतं, एप्रिल 2022 ला परत विकायला काढलं तर सुरुवातीला काहीशे डॉलरच्या बोल्या आल्या. गायक जस्टिन बीबरनं जानेवारी 2022 ला 'बोअर्ड एप' ह्या एनएफटी मालिकेतलं 13 लाख डॉलरचं माकडाचं चित्र घेतलं, दीड-दोन वर्षात तसल्या माकडाचा भाव दहाव्या हिश्श्याच्या पण खाली आला. आणि चित्रकाराच्या दृष्टीनं सगळ्यात वाईट म्हणजे रॉयल्टी गेली. आम्हाला काय सांगितलं होतं, तुझं चित्र पुढं कितीही वेळा विकलं जाऊ दे, दर वेळेला 10 टक्के तुला. मला दोनदा आले पण, 0.19 इथर, काय हुरूप आला होता. खरं ती रॉयल्टी ब्लॉकचेन देत नव्हती, साईट देत होती, आपखुशीनं. ऑक्टोबर 2022 ला ब्लर नावाची नवी साईट आली, व्यापाऱ्यांना स्वस्त पडावं म्हणून ह्या स्पर्धेत रॉयल्टी कापली गेली, आणि ऑगस्ट 2023 मध्ये ओपनसी ह्या मोठ्या साईटनं पण ती घेणाऱ्या-विकणाऱ्याच्या मर्जीवर सोडायचं ठरवलं. जाता जाता, आपल्या देशाच्या कॉपीराईट कायद्यात कलम 53ए आहे, मूळ चित्र 10 हजाराच्या वर परत विकलं गेलं तर चित्रकाराला हिस्सा मिळायला पाहिजे म्हणून. कुणाला मिळालाय का विचारून बघा एकदा.

भाऊ म्हणेल इंडोनेशियाचा तो घोझाली? जानेवारी 2022, पाच वर्षं कंप्युटरसमोर बसून काढलेले 933 सेल्फी, 3 डॉलरला एक लावलेले आणि दहा लाख डॉलरच्या वर उलाढाल. हो, झालं. आमच्या गल्लीत एकाला लॉटरी पण लागली होती. उलाढाल म्हणजे त्याची कमाई नव्हे हे पण सांगा, त्यातला मोठा भाग लोकांनी एकमेकांना विकलेला. आणि आकडे फुगवायला लोक स्वतःचंच चित्र स्वतःच्या दुसऱ्या वॉलेटनं घेतात, हे मी रात्री तीनला स्वतःच्या डोळ्यानं एकेका व्यवहाराचा माग काढून बघितलंय. तेव्हा कुणाचा आकडा ऐकून कॉलेज सोडू नये.

मग माझं आता काय चाललंय? एनएफटी वर्षाला एखादं, ते पण टेझोस ह्या दुसऱ्या, स्वस्त ब्लॉकचेनवर, तिथं मिंट करायला काही रुपये लागतात, विकलं तर दीड-दोन हजाराला. खरं जे लोक 2021 ला घेणारे होते त्यातल्या चौघांनी पुढं कामं दिली. पोर्तुगालवाल्यानं त्याच्या बँडच्या अल्बमचं कव्हर करून घेतलं. एकीनं मला एका गेम स्टुडिओत लावून दिलं, तिथं अजून महिन्याला दहा-बारा दिवसाचं काम असतं, घरबसल्या, आणि त्याचे पैसे बँकेत डॉलरनं येतात, त्यातला एक पण रात्रीत अर्धा होत नाही. फ्लेक्स सोडले. देखावे नाही सोडले, ते सुटणार नाहीत. एक मजा बघा, आमच्या शहरात दुकानाच्या पाटीवर कुठली अक्षरं किती मोठी ह्याच्यावरनं दर वर्षी रस्त्यावर काय काय होतं, आणि एनएफटीच्या त्या बाजारात मी कुठल्या राज्यातला, कुठल्या भाषेतला हे चौदा महिन्यात एकानं विचारलं नाही. विचारलं ते एवढंच की भिंतीला ही भोकं कसली.

म्हणून तुम्ही पाठवलेली भावाची चित्रं मी दोनदा बघितली. अलीकडची वीसेक म्हणजे गॉगल घातलेली माकडं. ताई, ती माकडं 10 हजार आधीच निघालीत, एप्रिल 2021 ला, आणि त्यांची नक्कल करणारी किती निघाली त्याचा हिशोब नाही. खरं त्याच्या आधीची सहा आहेत ना, वखारीतल्या बायकांची, तोंडाला पदर बांधलेल्या, हवेत तंबाखूची धूळ आणि वरच्या पत्र्याच्या फटीतनं उन्हाची पट्टी आलेली, ती बघून मी थांबलो. ती धूळ त्यानं जशी रंगवलीय तशी ज्यानं वखारीत शिंका दिल्यात तोच रंगवू शकतो. त्यात एक म्हातारी आहे, हातात काडी, तुमची आज्जी का? ती मालिका त्यानं सहावर का सोडली ते विचारा. त्याची साठ झाली पाहिजेत.

पैशाचं म्हणाल तर, 40 हजाराचा कोर्स नको, सरळ नको. मिंट कसं करायचं हे एका दुपारचं काम आहे, फुकटात शिकता येतं, आणि जो माणूस एनएफटीतनं करोडपती कसं व्हायचं हे 40 हजाराला शिकवतोय त्याचा धंदा कोर्स हाच आहे. दीड लाखाचा कंपुटर आत्ता नको. ब्लेंडर फुकट, चित्र काढायचं क्रिटा पण फुकट, सेकंडहँड मशीन 45-50 हजारात मिळेल, मी बरोबर येऊन बघून देतो, आणि पेनचा टॅब्लेट साधा पाच-सहा हजाराचा चालतो पहिली दोन वर्षं. उरलेले पैसे बाबांकडंच राहू देत, पुढच्या हंगामाला लागतील.

कॉलेज मात्र सोडू देऊ नका. सर्टिफिकेटला कोण विचारतंय, ते कारण नव्हे. ह्याच बेळगावात एकेकाळी चित्रकार के. बी. कुलकर्णी सरांनी पोरांना समोर बसवून ड्रॉइंग शिकवलं, त्यांच्याच हाताखालनं रवी परांजपे गेले आणि पुढं जाहिरातीच्या जगात त्या रेषेवर उभे राहिले. ती समोर बसून माणूस काढायची सवय मला मिळाली नाही, मी फ्लेक्समधनं आलो, आणि आज गेम स्टुडिओवाले माझ्या माणसांचे हात परत परत दुरुस्त करायला लावतात. भावाचे हात चांगले आहेत. अजून दोन वर्षं मॉडेल बसवून काढू दे.

आणि एनएफटी करायचंच असेल तर करू दे की, मी अडवत नाही. वखारीची वीस झाली की त्यातलं एक, स्वस्त चेनवर, स्वतःच्या खर्चानं, पाचशे रुपयाच्या आत. मूळ लेयरच्या फाईली दोन ठिकाणी ठेवू दे. मंडळानं पैसे देऊन काढून घेतलेलं चित्र चढवू नये, त्यावर भांडणं होतात. वर्षभरात कुणी नाही घेतलं तर काही बिघडलं नाही, आणि घेतलं तर त्या घेणाऱ्याला मेसेज करून विचारायला सांगा, तुला ह्यात काय दिसलं. मला ह्या प्रश्नाच्या उत्तरांनीच कामं मिळाली.

ह्या रविवारी त्याला वडगावला पाठवा. जेवून जाऊ दे. वखारीची सगळी स्केचेस आण म्हणावं, फसलेली पण, आणि टॅब्लेट घरनंच फुल चार्ज करून आण, आमच्याकडं दुपारची लाईट जाते.